माणसं काढून घेतलेला फोर्ट

बाबांच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय अशी शंका मला पहिल्यांदा आली ती गाडीच्या दारावरून.

कुठेही निघालो की बाबा आधी मागचं दार उघडायचे. उघडून तसेच हँडलला धरून उभे राहायचे. मग दार नीट लावायचे, पुढे येऊन माझ्या शेजारी बसायचे आणि बेल्ट ओढायचे. पहिल्या दिवशी मी म्हटलं, असेल, प्रवासाचा शीण आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "बाबा, तुमची जागा पुढे आहे." ते म्हणाले, "हो की, माहितीये मला." आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मागचं दार.

दोन हजार सालानंतरची ती मधली वर्षं. हॅमिल्टनच्या उत्तरेला, रोटोटुनात, आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. रस्ते गुळगुळीत, झाडं अजून काठ्यांना बांधलेली, आणि संध्याकाळी बाहेर माणूस दिसला तर दिसला. आईला जाऊन तीन वर्षं होत आली होती आणि बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते, तीन महिन्यांसाठी. भारतात त्यांचं होतं कोण? कोथरूडचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, एक पोळीवाली बाई आणि अधूनमधून डोकावणारा माझा मामा. मी एकुलती एक. एप्रिलअखेर त्यांना परत पाठवायचं, की परतीचं तिकीट रद्द करून इथेच ठेवून घ्यायचं, हे मला ठरवायचं होतं. त्यांनी त्यांचं ठरवलेलंच होतं. "मी परत जाणार," एवढंच म्हणायचे आणि विषय बंद करायचे.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका हुडकणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. एक चूक सापडली की तिची भावंडं जवळपासच असतात, हे आमच्या लाइनीत सगळ्यांना माहीत असतं. मी शोधायला लागले आणि सापडायला लागल्या.

दुपारचा चहा बाबा स्वतः करायचे. दोन कप. मी घरी असले तर तीन. एक कप स्वतःपुढे, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. तो समोरचा गार होऊन त्यावर साय धरायची, आणि संध्याकाळी मी कामावरून आले की सिंकमध्ये ओतायची. "हा कुणासाठी केलात?" म्हटलं की "असू दे गं" म्हणायचे. वाया गेलेल्या चहापेक्षा मला त्या "असू दे"चा जास्त राग यायचा.

मग एक दिवस माझी लेक, तेव्हा तिला तीन पूर्ण व्हायची होती, किचनमधून पळत आली. मराठी सगळं कळायचं तिला, पण तोंड उघडलं की इंग्रजी. म्हणाली, "आजोबा इज टॉकिंग टू द विंडो." मी हळूच जाऊन पाहिलं. बाबा खिडकीपाशी उभे राहून मागच्या अंगणाकडे बोट दाखवत हलक्या आवाजात सांगत होते, "ती दोरी बघितलीस? छत्रीसारखी उघडते. वाऱ्यानं गोल फिरते आणि कपडे आपोआप वाळतात. तुला आवडली असती बघ." आणि मग ते थांबले. मान किंचित कलती केली. पुढचं वाक्य बोलायच्या आधी ऐकून घेतात ना माणसं, तसे.

मी आल्या पावली मागे फिरले.

रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, म्हातारी माणसं बोलतात स्वतःशी. माझे बाबा नाही का टीव्हीशी भांडायचे?"

"तुझे बाबा भांडायचे," मी म्हटलं, "उत्तराची वाट नव्हते बघत!"

ईस्टरनंतरची डॉक्टरची वेळ मी घेऊन टाकली. आणि तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही, आपणच बघायचं, असं ठरवलं. ओळखीच्या घरात माणूस सवयीनं वावरतो, नवीन जागी गेला की बिघाड उघडा पडतो, असं कुठेतरी वाचलं होतं. मग नवीन जागी न्यायचं. कुठे? ते बाबांच्या कंटाळ्यानं ठरवलं.

बाबांची सगळी नोकरी मुंबईत, फोर्टात गेली. बंदराच्या इंजिनिअरिंग खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. इंग्रजांच्या काळातल्या दगडी इमारतींचे नकाशे काढायचे, कुठे कमान सुटली, कुठे गच्ची गळते, ते मांडायचं. असल्या माणसाला आमच्या रोटोटुनातली घरं काय आवडणार! आल्या आल्या त्यांनी हॉलच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. पोकळ आवाज आला. "अगं, हे घर आहे की खोकं?" मी सांगितलं, लाकडी सांगाडा असतो, त्यावर गिब बोर्ड, म्हणजे जिप्समचे तक्ते, मारतात, भूकंपाला बरं. त्यावर त्यांनी नुसतं "हं" केलं. पण जिथे जातील तिथे टकटक. वाण्याकडे, लायब्ररीत, आमच्या शेजारणीच्या गॅरेजलासुद्धा. माझ्या ऑफिसातला एक जण मूळचा दक्षिणेकडचा. तो म्हणाला, ड्युनेडिनला ने त्यांना, तिथे हीप्स ऑफ ओल्ड स्टोन आहे, खूश होतील. जुनं बंदर, जुनं शहर, सोन्याच्या खाणींच्या पैशावर बांधलेलं.

म्हटलं, चला. परीक्षाही होईल आणि बाबांना दगडही बघायला मिळेल. दोन्ही हेतू खरे होते. लेकीला नवऱ्याकडे सोपवलं आणि गुड फ्रायडेला आम्ही दोघं विमानात बसलो.

विमानात तीन-तीनच्या रांगा. आमची खिडकीची आणि मधली. बाबा मधल्या जागेवर बसले. मी म्हटलं, "अहो, खिडकीत बसा ना, खाली डोंगर दिसतात." तर म्हणाले, "खिडकी असू दे. तू कडेला बस, तिकडे कुणी येत नाहीये." म्हणजे खिडकी रिकामी, मध्ये ते, कडेला मी. दक्षिण बेटावरचे बर्फाचे डोंगर सरकत होते आणि बाबा मागे रेलून बसले होते, कुणाच्या नजरेच्या आड येऊ नये म्हणून बसावं तसे. मी मासिकात डोकं खुपसलं, पण एक अक्षर वाचलं नाही.

मोटेलवालीनं "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करत किल्ली दिली आणि दुधाची चिमुकली बाटली पुढे केली. इथे मोटेलात चहापुरतं दूध देतात. बाबांनी तिला आपल्या पोर्ट ऑफिसच्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, वन मोअर कप, प्लीज." ती म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इथलं 'हरकत नाही', आणि तिसरा कप दिला. खोलीत दोघांपुरते दोन होतेच. माझ्या मनात तिकीट रद्द करायचं कसं, त्याचा विचार सुरू झाला होता.

मग आम्ही शहरात चालत निघालो.

मी काय कल्पना केली होती कोण जाणे. दोन-चार जुनी चर्चं, एखादा पुतळा. पण वळण घेऊन तिथल्या रेल्वे स्टेशनासमोर आलो आणि माझे पायच थांबले. काळ्या फत्तराच्या भिंती, खिडक्यांना आणि कमानींना पांढऱ्या मऊ दगडाच्या कडा, वर मनोरा, मनोऱ्यात घड्याळ. आजूबाजूलाही तसंच. खांब, गच्चीवरचे दगडी कठडे, दारांवर कोरलेले दाढीवाले चेहरे. ज्या वर्षांत मुंबईत बांधत होते त्याच वर्षांत त्याच साहेबाच्या माणसांनी इथेही बांधलं होतं, आणि नकाशे बहुधा एकाच शाळेत काढायला शिकले होते. हे सगळं कळतं हो डोक्याला. पण मला दिसला तो फोर्ट. लहानपणी अर्ध्या दिवसाच्या शनिवारी आईचं बोट धरून हिंडलेला माझा फोर्ट. फक्त त्यातली माणसं कुणीतरी काढून घेतली होती.

एक माणूस नव्हता. गुड फ्रायडे म्हणजे दुकानं बंद, कचेऱ्या बंद, विद्यापीठाची पोरं सुट्टीला घरी गेलेली. वर ढग इतके खाली आलेले की मनोऱ्याचं टोक अर्धवट पुसल्यासारखं दिसत होतं. वारा समुद्राकडून येत होता. फेरीवाले नाहीत, टॅक्सी नाही, कबुतरांना दाणे टाकणारं कुणी नाही. दगडी रस्त्यात आमच्या पावलांचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येत होता, आणि तो दोघांचा वाटत नव्हता. मी दोनदा मागे वळून पाहिलं.

"कर्फ्यू लागलाय का गं?" बाबांनी विचारलं.

"गुड फ्रायडे आहे, बाबा."

"तेच ते," म्हणाले, आणि भिंतीपाशी जाऊन पेरानं टकटक केलं. दगडाला काय आवाज येणार! पण त्यांच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा हसू दिसलं. "हा आपला काळा दगड. आणि ही कडांची पांढरी कामं, हा फोर्टातला पोरबंदरी दगड नव्हे, पण त्याचाच भाऊ. हाताला बघ, खडूसारखा लागतो."

मला बरं वाटलं. म्हटलं, बाबा आहेत ठिकाणावर. आणि तेवढ्यात ते स्टेशनाला पाठ करून उभे राहिले, डाव्या हाताला बोट केलं आणि अगदी सहज म्हणाले, "इथून असं डावीकडे गेलं, मग पुन्हा डावीकडे बंदराच्या अंगाला, की आलंच आपलं ऑफिस."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते माझ्याकडे बघून बोलत नव्हते. माझ्या खांद्यापलीकडे बघत होते.

"बाबा, चला, आत जाऊ," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

आतलं सभागृह बघून एरवी मी वेडी झाले असते. जमिनीवर बारीक रंगीत तुकड्यांची नक्षी, त्यात इंजिनं आणि चाकं. तिकिटाच्या खिडक्यांना पांढऱ्या चिनी मातीचे देवदूत. आणि वर जिन्याजवळ रंगीत काचेत धडधडत येणारं इंजिन, पुढे दिवा पेटलेला. कुठेही उभं राहा, तो दिवा तुमच्याकडेच बघतो. पण गाड्या? गाड्या नव्हत्याच. प्रवाशांची गाडी केव्हाच बंद झालेली. दिवसातून एखादी ट्रिप टुरिस्टांना घेऊन डोंगरात जाते, तीही त्या दिवशी येऊन गेली असावी. एवढा थोरला प्लॅटफॉर्म, बाकं, घड्याळ चालू, आणि कुणी कशाचीच वाट बघत नाहीये. बाबा एका बाकावर बसले. कडेला बसले, मध्ये जागा ठेवून. मी त्या जागेवर बसायला गेले तर पटकन हात आडवा केला. मग स्वतःच ओशाळले आणि म्हणाले, "बस बस, तू बस."

मी बसले नाही. "मी बाथरूमला जाऊन येते. इथून हलायचं नाही," असं लेकीला दम देतात तसं सांगून गेले. गेले आणि आरशासमोर उभी राहून रडून घेतलं. सरळच सांगते, आईचा इतका राग आला होता मला त्या क्षणी! तू मेलीस आणि हे माझ्या एकटीच्या गळ्यात घालून गेलीस.

बाहेर आले तर बाक रिकामं होतं.

प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणी नाही. सभागृहात नाही. बाहेर पायऱ्यांवर नाही. "बाबा!" म्हणून ओरडले, तर माझीच हाक तिन्ही बाजूंनी माझ्यावर चालून आली. परकं शहर, खिशात फोन नाही, ढग उतरून आलेले, आणि बाबा नाहीत. कुणाला विचारू? विचारायला माणूस तरी हवा ना! नको नको ते दिसायला लागलं. बंदर जवळ होतं आणि पाणी जवळ होतं.

मग आठवलं. डावीकडे, मग पुन्हा डावीकडे, बंदराच्या अंगाला.

मी स्टेशनाला पाठ केली आणि पळत सुटले. ड्युनेडिनमध्ये मी मुंबईच्या रस्त्यानं पळत होते. दोन्ही बाजूंना जुनी गोदामं. एके काळी लोकरीनं, धान्यानं भरलेली असणार. आता खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, कठड्यांतून गवत उगवलेलं, भिंतींवर दुकानांची पुसट नावं. हा सगळा भाग म्हणे पूर्वी समुद्र होता, टेकडी फोडून भर घालून केलेला, आपल्या बॅलार्ड इस्टेटसारखाच. पळता पळता मला वाटत होतं, आता यातलं एखादं दार उघडेल आणि ऑफिस सुटल्यासारखी सगळी बाहेर येतील, आणि त्यांत ती असेल, सुती साडी, खांद्याला रेक्झिनची पर्स. भीती वाटत होती आणि यावी असंही वाटत होतं.

दुसऱ्या वळणावर बाबा दिसले.

एका गोदामाचा कोपरा तिरका कापून तिथे दरवाजा केला होता. दोन बाजूंना गुळगुळीत लाल दगडाचे खांब, वर अर्धी कमान, पुढे दोन पायऱ्या. दरवाजा बंद, साखळी लावलेली. बाबा एका खांबाला टेकून उभे होते. हातात शेंगदाण्याचं पाकीट, हॅमिल्टनच्या इंडियन दुकानातून आणलेलं. आणि ते बोलत होते. बोलत होते आणि हसत होते. समोरच्या खांबाच्या कट्ट्यावर त्यांचा रुमाल पसरलेला, रुमालावर शेंगदाण्यांचा छोटा ढीग.

मी धापा टाकत जाऊन उभी राहिले आणि तोंडातून टेस्टरचाच प्रश्न निघाला. "बाबा, आपण कुठे आहोत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी शांतपणे, मग डोळे बारीक करून.

"ड्युनेडिन," म्हणाले. "न्यूझीलंड. आज गुड फ्रायडे. नात आणि जावई हॅमिल्टनला. इथली पंतप्रधान बाई आहे. शंभरातून सात वजा करत जाऊ का आता? त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... झालो का पास?"

माझा जो भडका उडाला! "पास काय पास! मी मेले होते तिथे घाबरून! सांगून गेले होते ना हलू नका म्हणून? आणि पास आहात तर बोलत कुणाशी होतात?"

"तुझ्या आईशी," बाबा म्हणाले. "दुसरं कोण आहे मला बोलायला?"

मी पायरीवर मटकन बसले. ते खांबाला टेकूनच राहिले. माझ्याकडे न बघता, समोरच्या गोदामाकडे बघत त्यांनी सांगितलं.

आई माझ्या बाळंतपणाला येणार होती. व्हिसा झाला होता, बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली होती, डिंकाचे लाडू डब्यात. जायच्या आठवड्यात ती गेली. बसल्या बसल्या. आणि इकडे दुसऱ्याच दिवशी माझी लेक जन्मली. मी जाऊ शकले नाही. टाके ओले, अंगावर पिणारं बाळ, आणि दहाव्याला घाटावरून मामाचा फोन, "कावळा शिवत नाहीये गं." दहाव्याला पिंड ठेवतात. जाणाऱ्याचं मन कशात अडकलं असेल तर कावळा येत नाही म्हणतात. मग जवळची माणसं पुढे होऊन मोठ्यानं शब्द देतात, अमुक करीन, तमुक सांभाळीन, तू जा. न्यूझीलंडात मी फोन कानाला लावून बसले होते, मांडीवर लेक, आणि घाटावरची कावकाव मला ऐकू येत होती. मामानं सांगितलं, लेकीचं सुखरूप आहे. मावशीनं सांगितलं, नात छान आहे. कावळा भिंतीवर बसलेला, पण खाली उतरेना. मग बाबा एकटे पुढे गेले आणि काहीतरी पुटपुटले, आणि कावळा आला. काय म्हणाले ते कुणाला कळलं नाही. मी नंतर फोनवर खोदून खोदून विचारलं होतं. "असू दे गं," म्हणाले होते.

"माझा नव्हता विश्वास असल्या गोष्टींवर," बाबा आता म्हणाले. "आजही नाही फारसा. पण ऊन वर आलं होतं, भटजी दर्भाचा कावळा करायला निघाले होते, आणि मला काही ते बघवेना. मी पिंडाजवळ गेलो आणि म्हटलं, अगं, मी नेतो तुला पोरीकडे. मी स्वतः नेतो. तिचं घर, बाळ, सगळं दाखवतो. तू चल माझ्याबरोबर. एवढंच म्हटलं. तर तो टपकन उतरला."

मागचं दार, समोरचा कप, खिडकीची जागा, बाकावरची मोकळी जागा, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

"मग आणली," बाबा म्हणाले. "दिलेला शब्द आहे. दाखवतोय रोज. तुझी ती छत्रीची दोरी फार आवडली असती तिला. आणि हे आज बघितलं, हा दरवाजा. तुला आठवतो ना? आमच्या ऑफिससमोरचा?"

न आठवायला काय झालं! अगदी असाच कोपऱ्यातला दरवाजा, असेच खांब. आई विम्याच्या ऑफिसात टायपिस्ट, तिचं बाबांच्या आधी सुटायचं. ती चणे-शेंगदाण्याची पुडी घेऊन त्या दरवाजात उभी राहायची. आपला अर्धा वाटा खायची आणि अर्धा राखून ठेवायची. बाबा हमखास उशिरा यायचे आणि ती म्हणायची, "अहो, दरवाज्यालासुद्धा तोंडपाठ झाले मी."

"मी तिला म्हटलं, बघ, इथेही तुझा दरवाजा आहे," बाबा म्हणाले. "अगदीच परकं नाही. राहशील तू."

"राहशील?"

"मग? परत न्यायचा शब्द थोडाच दिलाय? तिला तुझ्याकडे यायचं होतं. आली. आता ती राहील आणि मी जाईन."

ते इतकं साधेपणानं म्हणाले, की मला कळायलाच क्षणभर वेळ लागला. "म्हणून तुम्ही तीन वर्षं आला नाहीत?" मी विचारलं. "किती तिकिटं काढून देते म्हटलं मी. दर वेळी गुडघे, दर वेळी पाऊस, दर वेळी सोसायटीची मीटिंग."

"अगं, आणायचं म्हणजे पोचवायचं," बाबा म्हणाले, आणि इथे मात्र त्यांचा आवाज फाटला. "तिकडे घरी कशी, बोलायला होती. तिथला चहा ती पीत होती असं समजायचो. इथे आणून सोडली की मग घरी जाऊन मी बोलू कुणाशी? म्हणून टाळत होतो. स्वार्थ आहे, दुसरं काय."

मी उठून त्यांना मिठी मारली. आमच्या घरात मिठ्या मारत नाहीत. त्यांनी दोन्ही हात अंगाला चिकटवून ठेवले, मग एका हातानं माझ्या पाठीवर थोपटलं, भिंतीवर टकटक करतात तसं, पेरांनी. आम्ही दोघं रडलो. आत्तापर्यंत मुळी एकत्र रडलोच नव्हतो आम्ही, फोनवर काय रडणार?

तेवढ्यात रुमालावर फडफड झाली. एक जाडजूड सीगल येऊन निर्लज्जपणे शेंगदाणे खात होता. बाबांनी डोळे पुसले, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथे कावळे नाहीत का गं?"

"नाहीत, बाबा."

"चालेल. त्याला खाऊ दे."

मी ते शेंगदाणे संपेपर्यंत थांबले. मग रुमाल झटकून त्यांच्या खिशात ठेवला आणि आम्ही आलो त्या रस्त्यानं परत निघालो. ढग आणखी खाली आले होते, घड्याळ दिसत नव्हतं, फक्त त्याचा टोला ऐकू आला. या वेळी मी मागे वळून पाहिलं नाही. पावलं मात्र ऐकत होते.

डॉक्टरची वेळ मी रद्द केली. तिकीट तसंच ठेवलं. नवरा म्हणाला, "नक्की ना? म्हातारा माणूस एकटा." मी म्हटलं, "त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही. माझ्यापेक्षा धड आहे." उरलेले दिवस बाबांनी आईला आणखी कायकाय दाखवलं. वायकाटो नदी, लेकीची डे-केअर, माझं ऑफिस बाहेरून. मीही मध्ये मध्ये सांगायला लागले, आधी ओशाळून, मग सवयीनं. नवरा आमच्याकडे बघून मान हलवायचा. पण सुट्टीच्या दुपारी तोच चार कप मांडायचा.

ऑकलंडच्या विमानतळावर बाबांना पोचवायला मी एकटीच गेले. निघताना घरी त्यांनी मागचं दार उघडलं होतं, नेहमीसारखं. विमानतळावर सामान देऊन झालं, वेळ होता, म्हणून आम्ही चहाच्या काउंटरपाशी गेलो. मी कॉफी घेतली. बाबा पुढे झाले. मी सवयीनं ट्रेवर जागा करून ठेवली होती.

"वन टी," बाबा म्हणाले.

मुलीनं विचारलं, "जस्ट द वन?"

"येस. ओन्ली वन."

आम्ही टेबलाशी बसलो. त्यांच्यासमोर एकच कप होता. तो त्यांनी सगळा प्यायला, सावकाश, आणि एकदाही समोरच्या खुर्चीकडे पाहिलं नाही. मीच बघत होते. मग त्यांनी कप खाली ठेवला, पिशवी खांद्याला लावली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "येतो गं" म्हणाले. ते मला म्हणाले, की मी आणि माझ्या शेजारी उभी असलेली, आम्हा दोघींना, ते मी विचारलं नाही. काचेच्या दारापलीकडे त्यांची पाठ दिसत होती तोवर उभी राहिले. इतका एकटा माणूस मी कधी पाहिला नव्हता.

मग पार्किंगमध्ये गाडीपाशी आले. पाऊस भुरभुरत होता. किल्ली हातात घेऊन मी जराशी घुटमळले, आणि मग आधी मागचं दार उघडलं.

"बस गं आई," म्हटलं. थांबले. दार नीट लावलं आणि तिला घरी घेऊन आले.